दिंडीचा गॅस कुणाच्या हातात?

देहूहून तुकोबारायांची पालखी निघाली, की आमच्या वरवंडला पाहुण्यांचे वेध लागतात. आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत आणि मग वरवंड. यवतला पिठलं-भाकरी खाऊन निघालेले वारकरी आमच्याकडे मुक्कामाला येतात आणि पुढे पाटसवरून रोटी घाट चढून उंडवडीकडे जातात. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक अंगणात कुणी ना कुणी उतरलेलं असतं.

पालखीबद्दल, रथाबद्दल, रिंगणाबद्दल पेपरात भरभरून छापून येतं. पण पालखीच्या आधी गावात पोचतो तो दिंडीचा ट्रक. त्यात ताडपत्र्या, राहुट्या, पिठाची पोती, मोठाली पातेली, वारकऱ्यांच्या वळकट्या आणि मधेच कुठेतरी दोरीनं बांधलेली गॅसची सिलिंडर असतात. दोन-अडीचशे माणसांचं चालतं घरच म्हणा ना! आणि या घराची चूल सांभाळतात बायका. पहाटे तीनला उठून चहा, मग नाश्ता, मग पुढच्या मुक्कामाला पोचून स्वयंपाक. सलग अठरा-वीस दिवस.

मैत्रिणींनो, मला प्रश्न पडतो तो इथेच. चूल बाईची, पण त्या चुलीला गॅस पोचवणारं सगळं सामान कुणाच्या ताब्यात? रेग्युलेटर बसवणार ड्रायव्हर, नळी आणणार दिंडीचे कारभारी, सिलिंडर उतरवणार पोरं. बाईनं फक्त काडी लावायची. शेगडी पेटेना म्हणून तिनं रेग्युलेटरला हात लावला, की लगेच, ‘अहो मावशी, तुम्ही नका त्यात पडू, उडवाल सगळ्यांना!’ पहाटे तीनला ड्रायव्हर ट्रकखाली घोरत असतो. त्याला उठवायचं, मग त्यानं डोळे चोळत काहीतरी खटपट करायची. मी मुक्कामाच्या सेवेत दरवर्षी हे बघते. झोपेतल्या माणसानं काडी लावून गळती शोधतानाही मी बघितलंय. तेव्हा मात्र ‘उडवाल सगळ्यांना’ असं त्याला कुणी म्हणत नाही!

आपल्या आई-आज्या काय करत होत्या ते आठवा. पंपाचा स्टो फुरफुरायला लागला, की निपलमध्ये पिन घालणं, पंपाचा वॉशर सुकला तर त्याला तेल लावणं, बर्नर काजळला तर साफ करणं, हे सगळं त्याच करत होत्या. त्यासाठी कुणी माणूस बोलवायचं नाही. स्टोची पिन घरोघरी हाताशी ठेवलेली असायची. म्हणजे चुलीचं बिघडलेलं तंत्र बाईला कळतच होतं. गॅस आला आणि सोयीबरोबर आपण ते ज्ञान गॅसवाल्याच्या हवाली केलं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, खेड्यापाड्यात सिलिंडर बाईच्या नावावर झालं. कागदावर मालकीण ती, पण सिलिंडर बदलायला शेजारचा मुलगा हवा!

खरं तर यात अवघड काही नाही. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली पातळ करून भरलेले असतात. त्यांना स्वतःचा वास नाही. आपल्याला येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, खळग्यात साठतो. आता ट्रकचा हौदा डोळ्यांपुढे आणा. चारी बाजूंनी फाळके, वरून ताडपत्री. म्हणजे खोल परातच! त्यात सिलिंडर थोडं जरी गळत असेल, तरी गॅस तळाशी बसून राहतो. म्हणून ट्रकमधून वास आला, तर इंजिन सुरू करायचं नाही, बॅटरी किंवा कुठलं बटण दाबायचं नाही, बिडी-उदबत्ती विझवायची, माणसं लांब करायची आणि मग ताडपत्री वर करून फाळका खाली पाडायचा.

शेगडी पेटत नसेल, तर गॅस ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं आपण तपासत जायचं. आधी सिलिंडर. ते रिकामं झालंय का? ओल्या फडक्यानं बाहेरून पुसा. जिथवर पातळ गॅस आहे तिथला ओलावा उशिरा सुकतो. मग रेग्युलेटर. तो नीट खाली बसून खटकन लागला का? वास येत असेल, तर काढून झडपेतली काळी रबरी रिंग बघा. ती फाटली किंवा गायब असेल, तर त्या सिलिंडरला टोपी लावून बाजूला ठेवायचं. तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा नाही. मग नळी. ती कुठे दुमडली, चिरली, उंदरानं कुरतडली का? आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच घ्यावी आणि तीही ५ वर्षांनी बदलावी. तिच्यावर साल छापलेलं असतं. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की गळती तिथेच. काडी लावून कधीच बघायचं नाही.

सगळं ठीक असेल आणि तरी ज्योत पिवळी, पातेल्यांची बुडं काळी होत असतील, तर गॅसला हवा कमी पडतेय. वारीत हे हमखास होतं, कारण रस्त्याची धूळ आणि उतू गेलेला चहा बर्नरच्या भोकांत बसतो. बर्नर गार झाल्यावर काढायचा, जुन्या टूथब्रशनं घासायचा, पूर्ण सुकवून बसवायचा. हवा घेण्याची फट मोकळी करायची. मात्र जेटच्या बारीक भोकात दाभण घालून ते मोठं करायचं नाही.

दिंडीतली आणखी एक अडचण घरात सहसा येत नाही. मोठी भट्टी भरभरून चालू असते आणि अर्ध्या तासात ज्योत मंदावते. सिलिंडरला हात लावावा तर बर्फासारखं गार, बाहेरून पाणी ठिबकतंय. पातळ गॅसचा वायू होताना तो सिलिंडरमधलीच उष्णता ओढून घेतो. भट्टी फार वेगानं गॅस ओढायला लागली, की सिलिंडर गारठतं आणि दाब पडतो. गॅस संपलेला नसतो! पण अशा वेळी काय काय केलं जातं? सिलिंडर आडवं करतात, हलवतात, उकळतं पाणी ओततात, कुणी तर चुलीजवळ सरकवतात. आडवं केलं की पातळ गॅसच नळीत येतो आणि ज्वाळेचा भडका होतो. उपाय साधा आहे. ज्योत कमी करा, त्या सिलिंडरला विसावा द्या, स्वयंपाक दोन भट्ट्या आणि दोन सिलिंडरांवर वाटून घ्या. आणि मोठ्या भट्टीचा रेग्युलेटर आणि नळी वेगळ्या दाबाची असते. घरच्या शेगडीची नळी तिला जोडायची नाही.

पाऊस आला की शेगडी राहुटीत किंवा ट्रकमध्ये घेऊन ताडपत्री पक्की बांधतात. हेही घातक. कोंडलेल्या जागेत गॅस अपुरा जळला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं, झोप येते, आणि थकलेल्या बाईला वाटतं, चालून चालून असं झालं असेल. आडोसा एका बाजूनं करा, दुसरी बाजू उघडी ठेवा, आणि ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नका.

अमेरिकेत लोक घरासारख्या गाड्या घेऊन महिनोन्महिने फिरतात. त्या गाड्यांत प्रोपेनवर चालणारी, गाडी गरम ठेवणारी भट्टी असते. तिला लागणारी हवा बाहेरून येते, धूरही बाहेरच जातो. गळती कळवणारं यंत्र जमिनीलगत बसवतात, कारण गॅस खाली बसतो, आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी वेगळं यंत्र असतं. आपल्या दिंडीच्या ट्रकमध्ये हे सगळं काम बाईचं नाक करतं. मग त्या नाकाला काही मान आहे की नाही? ‘वास येतोय’ असं ती म्हणाली, की ‘डिझेलचा असेल’ म्हणून तिला गप्प बसवणं कसं चालेल?

कुणी म्हणतं, वारीत सगळं पांडुरंग बघतो. श्रद्धा माझीही आहे. पण पखवाजाची शाई आणि वादी तपासल्याशिवाय पखवाजी भजनाला बसत नाही. मग नळी न तपासता चूल पेटवायची ही कुठली भक्ती?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. प्रत्येक दिंडीनं निघण्याआधीच्या बैठकीत दोन बायका गॅसच्या जबाबदार म्हणून नेमाव्यात. गावच्या गॅस एजन्सीत जाऊन त्यांनी सगळं हातानं करून बघावं. नुसतं ऐकून उपयोग नाही. नळी, रेग्युलेटर आणि रिंगा घेण्याचा खर्च दिंडीच्या वर्गणीत नव्या भांड्यांच्या आधी धरावा. सिलिंडर घेताना कडीवरची तारीख त्यांनी वाचावी. बी-२८ म्हणजे ते २०२८ च्या जूनअखेरपर्यंत चालणार, त्यानंतर चाचणीला जायला हवं. ट्रक निघण्याआधी सगळे रेग्युलेटर काढून टोप्या लावल्या का, सिलिंडर उभीच बांधली का, हे त्या दोघींनी बघावं. आणि त्यांनी ‘थांबा’ म्हटलं, तर ट्रक थांबला पाहिजे. हा अधिकार नसेल, तर नुसत्या जबाबदारीचं ओझं काय कामाचं?

मुक्कामाच्या गावांनीही हातभार लावावा. आपण पाय चेपतो, चहा देतो, आंघोळीचं पाणी तापवतो. त्याच्याच जोडीला बचत गटानं राहुट्यांमधून फिरून प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून दिलं, तर तीही सेवाच. गळती आवरत नसेल, तर १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तो ट्रकच्या फाळक्यावर रंगवून घ्यायला कितीसा खर्च येतो?

यंदा तुमच्या गावातून दिंडी निघणार असेल, तर बैठकीला बायकांनी मागे सतरंजीवर बसून राहू नये. सरळ विचारावं, नळी कोणत्या सालची आहे? उत्तर आलं नाही, तर ती बघायला आपणच उठावं.