पुष्पक नको, रबराचे विमान हवे!

"विमान प्रथम आपणच उडवले!" असे वक्ता गर्जतो आणि आपण टाळ्या पिटतो. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपल्याला प्रिय आहे. पण तिला भक्कम पुरावा नाही. मित्रहो, १८७१ साली पॅरिसच्या बागेत आल्फोन्स पेनो या २१ वर्षांच्या तरुणाने रबराला पीळ देऊन छोटे विमान सोडले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले, आणि लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले!

तसे विमान आपल्या कोराडीतही होईल. बांबूच्या कामट्या, संक्रांतीचा उरलेला पतंगी कागद, रबरबँड आणि पंखा, बस्स! वाऱ्याची दिशा वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सांगेल. शेपूट जड झाले तर विमान नाक वर करून कोसळते. नाकाला चिमूटभर चिकणमाती लावली की सावरते. तेथे भाषणबाजी चालत नाही.

हे सायन्सवाल्यांचे काम म्हणाल? पुरावा मागणे हे इतिहास शिकणाऱ्या आम्हा कलाशाखेचेही काम नव्हे काय? कॉलेजने स्नेहसंमेलनात रबरी विमानांची स्पर्धा अवश्य ठेवावी. पूर्वजांच्या न पाहिलेल्या विमानापेक्षा स्वतःच्या हातचे दहा सेकंदांचे उड्डाण मला अधिक अभिमानास्पद वाटते.