धाप लागते म्हणून बसवून ठेवू नका



सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो आणि त्यावर विश्रांती हाच उपाय, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य नाही. धूम्रपान हे मोठे कारण आहेच. ते आजच सोडावे. पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, की कधीही न ओढणाऱ्यांनाही, विशेषतः चुलीच्या धुरामुळे, हा आजार होतो. जर्सी सिटीत मुलांकडे आलेल्या कितीतरी आज्यांची उमेदीची वर्षे त्याच धुरात गेली आहेत. त्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसांची चाचणी, करून घ्या.

विश्रांतीचे म्हणाल, तर बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, मग चार पायऱ्यांनाही धाप लागते. फुप्फुस पुनर्वसन या व्यायाम-उपचारात हेच स्नायू कमावतात. शिवाय नाकाने श्वास घेऊन, ओठ शिट्टीसारखे करून तो सावकाश सोडायला शिकवतात. त्यामुळे श्वासनलिका लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. मध्यम ते अतितीव्र सीओपीडीसाठी मेडिकेअर ही अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा योजना अशी ३६ सत्रे देते, गरज असल्यास ७२ पर्यंत. डॉक्टरांकडे ती स्वतःहून मागा. मेडिकेअर नसेल, तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने फिजिओथेरपिस्टकडून हे शिकून घरी रोज करता येते.

— एक फिजिओथेरपिस्ट, जर्सी सिटी