अधूनमधून रुसणारा रिले

यंत्राचे दुखणे दोन तऱ्हांचे असते. एक यंत्र अजिबात बंद पडते. दुसरे कधी चालते, कधी चालत नाही. पहिल्याचे निदान सोपे, दुसऱ्याचे अवघड. कारण तपासनीस समोर येताच ते गुणी विद्यार्थ्यासारखे वागू लागते. आकाशात अशा लहरीपणाची किंमत मोठी असते. म्हणून या खेपेस लहान विमानातील रिलेविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधून मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो, तो रिलेचा. तारेच्या वेटोळ्यातून अल्प प्रवाह गेला की आतील लोखंड चुंबक बनते आणि धातूचे स्पर्शबिंदू जोडून मोठ्या प्रवाहाला वाट करून देते. पूर्वी टप्प्याटप्प्यावर दमलेला घोडा सोडून ताजा जोडीत. रिले हे नाव त्या प्रथेवरून आले.

सेस्ना १७२ हे चार आसनी विमान १९५६ पासून विकले जात असून अशी ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली आहेत. त्याच्या बॅटरीपाशी असा एक रिले असतो. इंजिन सुरू करताना लागणारा जबर प्रवाह वैमानिकाच्या बटनापर्यंत न्यावा लागू नये, ही त्यामागील योजना. उड्डाणात हा रिले सुटला तरी इंजिन थांबत नाही. त्याच्या ठिणग्या मॅग्नेटो स्वतंत्रपणे पुरवितो. आल्टरनेटरही काही काळ उपकरणांना वीज देत राहू शकतो. परंतु उतरताना इंजिनाची गती मंदावली की त्याचे बळ ओसरते, पाठीशी बॅटरी नसते, आणि नेमक्या त्या घटकेला रेडिओ मुका होतो, दिवे मंदावतात. रात्रीच्या अंधारात हे संकट लहान नव्हे.

अशा वेळी नवा रिले बसवून मोकळे होण्याचा मोह पडतो. पण दोष तारेत असेल तर नवाही तसाच रुसतो. म्हणून पहिले साधन वही. दोष केव्हा दिसला, खडबडीत जमिनीवरून जाताना की अर्ध्या तासाच्या उड्डाणानंतर? धक्क्याने दिसला तर सैल जोडाचा संशय घ्यावा. तापल्यावर दिसला तर त्यासही कारण आहे. तांबे ५० अंश सेल्सिअसने तापले की त्याचा विद्युत्‌रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो; वेटोळ्यातील प्रवाह घटतो आणि चुंबक दुबळा पडतो.

दुसरे साधन व्होल्टमीटर. इंजिन बंद, पण दिवे व उपकरणे चालू ठेवून परवानाधारक तंत्रज्ञाने तो लावावा. भार नसताना जळका स्पर्शबिंदूही निर्दोष ठरतो. रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये जवळजवळ शून्य व्होल्ट दिसावेत. अर्धा व्होल्ट दिसला तर आतील स्पर्शबिंदू जळाले आहेत असे समजावे. तिसऱ्या, बारीक बोल्टावरील तार बटनामार्गे विमानाच्या धातूच्या सांगाड्यास मिळते. बटन चालू असता हा बोल्ट व सांगाडा यांमध्येही शून्यच हवे. तेथे एक-दोन व्होल्ट उरले तर दोष रिलेत नसून बटनात किंवा जोडात आहे. मीटर तसाच ठेवून तारा हलक्या हाताने हलवाव्यात; काटा डुलला की चोर सापडला.

रिले बदलावाच लागला तर एक सावधगिरी हवी. इंजिन सुरू करणारा रिले दिसावयास असाच, पण काही सेकंदांच्या कामापुरता असतो. तो बॅटरीच्या जागी लावला तर तापून जळतो.

‘तपासले, दोष आढळला नाही’ ही नोंद विमानाच्या वहीत अनेकदा आढळते. तिचा अर्थ दोष नाही असा नव्हे. तो त्या वेळी दिसला नाही, एवढाच. सोमवारीच पोट दुखणाऱ्या मुलास डॉक्टर निरोगी ठरवितात. आईवडिलांनी वार टिपून ठेवले तरच खरे कारण उमगते.