कर्करोगतज्ज्ञ होण्याची वाट

इंदूरहून एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. गेल्या वर्षी त्यांच्या मातोश्री तोंडाच्या कर्करोगाने निवर्तल्या. आयुष्यभर मिश्री लावण्याची सवय. गालातील न भरणारी जखम दाताची समजून सहा महिने अंगावर काढली, आणि मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. आजीच्या उशाशी बसणारी नात यंदा दहावी झाली. ‘मी कर्करोगाचीच डॉक्टर होणार,’ असे तिने घरात सांगून टाकले आहे. वडील विचारतात, वाट कोणती? आई विचारते, किती वर्षांची? आईच्या प्रश्नात काळजी अधिक आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे व सक्तीच्या इंटर्नशिपचे एक, पुढे एम.डी. अथवा एम.एस.ची तीन; त्यावर डी.एम. अथवा एम.सीएच. या अतिविशेष पदवीची आणखी तीन. एकूण साडेअकरा. प्रवेशपरीक्षांच्या तयारीत जाणारे एखाददुसरे वर्ष आणि कित्येक राज्यांतील सक्तीची शासकीय सेवा धरली, तर अठरा वर्षांची मुलगी तिशी ओलांडते. हे लपवून तिला उत्तेजन देणे आम्हांस योग्य वाटत नाही. मात्र ही सारी वर्षे केवळ खर्चाचीच, हा समज खरा नव्हे. इंटर्नशिपपासून विद्यावेतन सुरू होते व पुढे निवासी डॉक्टर म्हणून शिकता शिकता वेतन मिळते. खर्चाचा खरा डोंगर पहिल्या पदवीचा. शासकीय आणि खाजगी महाविद्यालयांच्या शुल्कात जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर ‘नीट’ परीक्षेतील गुणांवर ठरते. ही परीक्षा ७२० गुणांची. त्यांतील निम्मे गुण जीवशास्त्राचे. ती मराठीतूनही देता येते. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय अकरावीपासून हवेत.

आता मुलीने समजून घ्यावे असे काही. ‘कर्करोगाचा डॉक्टर’ हा एकच मनुष्य नसतो. गाठ कापून काढणारा शल्यविशारद निराळा. तो प्रथम एम.एस. होतो, मग एम.सीएच. औषधांनी रोगाचा पाठलाग करणारा निराळा. तो मेडिसिन किंवा बालरोग या विषयांत एम.डी. करून मग डी.एम. होतो. तिसरा किरणोपचाराचा. किरण कोठे व किती द्यायचे आणि शेजारचे निरोगी अवयव कसे वाचवायचे, हे तो ठरवतो. या शाखेची एम.डी. एम.बी.बी.एस.नंतर थेट करता येते, त्यामुळे वाट तीन वर्षांनी आखूड होते. ही गोष्ट पुष्कळ पालकांच्या कानी आलेली नसते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ मध्ये उघडले व १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे, या तिन्ही शाखांचे शिक्षण मिळते. एकाच रुग्णासाठी तिघांनी मिळून विचार करावा, ही तेथील रीत आहे.

यांपैकी कोणती शाखा, हे आज ठरविण्याची घाई नको. मद्रासच्या डॉ. शांता यांचे उदाहरण पाहावे. त्यांचे पदव्युत्तर शिक्षण स्त्रीरोग व प्रसूती या विषयातले. शासकीय रुग्णालयातील जागा चालून आली असताना, १९५५ मध्ये त्या अड्यारच्या कर्करोग संस्थेत गेल्या. ती संस्था वर्षापूर्वीच बारा खाटांवर सुरू झाली होती. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी ती उभारली, आणि त्यांच्याही मनात कर्करोगाने गेलेली बहीण होती. डॉ. शांता २०२१ मध्ये निधन पावेपर्यंत तेथेच राहिल्या. दहावीच्या वयात हे कोणी आखून दिलेले नव्हते.

एक सूचना गणिताविषयी. जीवशास्त्र घेतले म्हणून गणित टाकून देण्याचा प्रघात आहे. आमच्या मते, झेपत असेल तर ते ठेवावे. ‘नीट’मध्ये यश न आले, तर पदार्थविज्ञानात एम.एस्‌सी. करून व त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्रातील विकिरण-भौतिकीची पदविका घेऊन रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ होता येते. किरणांच्या मात्रेचे गणित करणारा तोच. त्याच्यावाचून किरणोपचाराचे यंत्र चालवता येत नाही. कर्करोग-परिचारिकेचे कामही असेच मोलाचे, पण त्याविषयी स्वतंत्रपणे लिहू.

शेवटी आईंना एक विनंती. ‘मग तिचे लग्न केव्हा?’ असे आपण पत्राच्या समासात लिहिले आहे. इंटर्नशिपनंतर किंवा निवासी डॉक्टर असताना संसार मांडलेल्या कित्येक डॉक्टर स्त्रिया आपल्या इंदूरच्याच शासकीय महाविद्यालयात भेटतील. एखाद्या रविवारी मुलीला घेऊन त्यांच्यापैकी एकीला भेटावे. प्रश्न मात्र मुलीलाच विचारू द्यावेत, आणि काय ऐकले ते तिनेच आम्हांस कळवावे.