दांडा हलला म्हणजे नियंत्रण तपासले, हा समज मोडायला हवा

ग्लायडरचा वैमानिक आसनावर बसतो, पट्टे आवळतो, नियंत्रणदांडा एकदा गोल फिरवतो, पायांनी रडर डावीउजवीकडे ढकलतो आणि नियंत्रणे मुक्त असल्याचे जाहीर करतो. सारा विधी दहा सेकंदांत आटोपतो. त्याच्या बोलण्यात खोटे काहीच नसते. दांडा खरोखरच मुक्तपणे हललेला असतो. परंतु ज्या ग्लायडरमध्ये दांड्याचा आणि शेपटीवरील एलेव्हेटरचा संबंधच जोडलेला नाही, त्यातही दांडा इतकाच, किंबहुना अधिकच मुक्तपणे हलतो. मग या विधीने सिद्ध काय झाले, हा प्रश्न भारतातील हवाई क्रीडेच्या आणि विमानविद्येच्या शिक्षणात फार थोडे लोक विचारतात. विचारणाऱ्याला बहुधा ‘फार पुस्तकी’ ठरवले जाते.

नियंत्रणांची तपासणी म्हणजे तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधणे. दांडा पूर्ण टोकापर्यंत जातो का? तो हलवल्यावर पृष्ठभाग योग्य दिशेने हलतो का? आणि पृष्ठभागावर भार आला, तरी ही जोडणी टिकते का? आसनावरून दांडा फिरवण्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि तेही अर्धवट. मान वळवून पंखाकडे पाहिले तर एलेरॉनपुरते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. शेपटी मात्र वैमानिकाच्या पाठीमागे असते. ती त्याला दिसत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर आसनावर एकट्याने बसून मिळणे शक्यच नाही.

ग्लायडरबाबत हा तिसरा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण हे यंत्र पुन्हापुन्हा सुटे केले जाते. पंख काढून ते लांबट ट्रेलरमध्ये ठेवायचे, मैदानावर आणून पुन्हा जोडायचे, ही त्याची दिनचर्या आहे. प्रवासी विमानाचे एलेरॉन कार्यशाळेबाहेर सहसा कोणी सुटे करत नाही. ग्लायडरचे एलेरॉन, एअरब्रेक आणि एलेव्हेटर यांच्या जोडण्या मात्र उघड्या मैदानात, उन्हात, गप्पा मारत, उड्डाणाच्या घाईत केल्या जातात. जुन्या पिढीच्या अनेक ग्लायडरांत ‘लोतेलिए’ नावाने ओळखली जाणारी जोडणी असते: एका दांडीच्या टोकाला गोल गोळी, दुसरीच्या टोकाला तिला पकडणारी खोबण, आत स्प्रिंगवरची छोटी पाचर आणि पाचर सरकू नये म्हणून सेफ्टी पिन. खोबण गोळीवर नुसती टेकली आणि पाचर पूर्ण बसली नाही, तरी वरून पाहणाऱ्याला जोडणी झालेलीच दिसते. दांडा हलवला तर पृष्ठभागही हलतो. फसवणूक नेमकी इथेच होते.

ती का होते, हे समजण्यासाठी अकरावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. ग्लायडर जमिनीवर उभे असते तेव्हा हवेचा वेग जवळजवळ शून्य असतो. दांड्याला फक्त दांड्यांचे वजन आणि सांध्यांतील घर्षण यांवर मात करायची असते. अर्धवट बसलेली जोडणी एवढे काम सहज करते. आता वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर धरा. हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम घेतली, तर गतिक दाब, म्हणजे घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येणारी राशी, सुमारे ४७३ पास्कल भरते. दर चौरस मीटरला जवळजवळ ४८ किलो वजनाइतका भार. ताशी ५० किलोमीटरला तो याच्या एक चतुर्थांश असतो. पृष्ठभागावर येणारा भार या दाबाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे त्या जोडणीची पहिली खरी परीक्षा होते ती ग्लायडर धावू लागल्यावर, आणि निकाल लागतो तो जमीन सुटल्यानंतर. विंचने ओढले जाणारे ग्लायडर तर काही सेकंदांतच नाक उंच करून तीव्र चढणीला लागते. त्या क्षणी एलेव्हेटर निसटले, तर पॅराशूट उघडण्याइतकी उंची नसते आणि चूक सुधारण्याइतका वेळही नसतो.

यावरचा उपाय जुना, फुकट आणि अत्यंत अनाकर्षक आहे. दुसरा माणूस बाहेर उभा राहतो, पृष्ठभागावर सपाट तळहात ठेवून तो घट्ट धरतो, आणि आतला माणूस दांडा दोन्ही दिशांना दाबतो. दांड्याला विरोध जाणवला पाहिजे. हाताला दाब जाणवला पाहिजे. जमिनीवर नसलेल्या वाऱ्याचे काम इथे तळहात करतो. यातही एक बारकावा आहे आणि तो अनेकदा निसटतो. दोन्ही एलेरॉन दोघांनी एकाच वेळी धरले, तर एक जोडलेला आणि एक सुटा असला तरी वैमानिकाला विरोध जाणवेलच, कारण जोडलेला एलेरॉन दांडा अडवेल. म्हणून डावा वेगळा, उजवा वेगळा. एअरब्रेकही तसेच, आणि त्यांचे कुलूप खरोखर बसले आहे का हे स्वतंत्रपणे. हँडल पुढे ढकललेले दिसते, पण कुलूप बसल्याचा तो झटका हाताला जाणवलेला नसतो. मग ओढणी सुरू झाल्यावर पंखावरचा कमी दाब एअरब्रेक वर खेचून काढतो आणि ग्लायडर चढेनासे होते. पाचर, पिन, लूज झालेले सांधे, आसनाखाली घरंगळलेला मोबाइल, सगळे या दोन माणसांच्या पाच मिनिटांत सापडू शकते.

या पाच मिनिटांविरुद्ध दोन युक्तिवाद नेहमी पुढे येतात आणि दोन्ही विद्वत्तेचा आव आणतात.

पहिला युक्तिवाद आधुनिकतेचा. नव्या ग्लायडरांत जोडण्या आपोआप होतात. पंख सरकवला की दांडी आपल्या खाचेत बसते. मग हाताने धरून पाहणे ही जुनाट सवय नव्हे काय? नव्हे. आपोआप बसणारी जोडणी माणसाच्या विसरण्याची शक्यता कमी करते; ती बसली की नाही, हे सांगत नाही. यंत्रातील सुरक्षा-व्यवस्थेवर विसंबून तपासणी सोडली की काय होते, याचे उदाहरण ग्लायडरपेक्षा कितीतरी महागड्या विमानाने दिले आहे. ३१ मे २०१४ रोजी अमेरिकेतील बेडफर्ड येथे एक गल्फस्ट्रीम जेट धावपट्टीवर धावले, पण उचललेच गेले नाही. उभ्या विमानाचे पृष्ठभाग वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावलेले कुलूप काढलेलेच नव्हते. कुलूप लागलेले असताना इंजिनांना पुरेशी शक्ती देताच येऊ नये, अशी यांत्रिक अटकाव-योजना त्या विमानात होती. ती अपेक्षेप्रमाणे अडवू शकली नाही. विमान धावपट्टीपुढे जाऊन जळाले आणि आतील सातही जण मरण पावले.

दुसरा युक्तिवाद अनुभवाचा. हजारो उड्डाणे केलेल्या माणसाला दांडा हातात धरताच कळते, असे म्हटले जाते. बेडफर्डचे वैमानिक नवखे नव्हते. अमेरिकेच्या एनटीएसबीने त्या विमानातील नोंदयंत्राचा माग काढला, तेव्हा आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के उड्डाणांपूर्वी नियंत्रणांची पूर्ण तपासणी झालेली नव्हती, असे आढळले. अनुभवाने त्यांना तपासणी शिकवली नाही. ती टाळली तरी काही होत नाही, एवढेच शिकवले. शेकडो वेळा खरे ठरलेले हे अनुमान एकदा खोटे ठरले. ‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा नसतो, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगावे लागू नये. विमानतळावर मात्र ते पुन्हापुन्हा सांगावे लागते. शिवाय ही चूक नवीही नव्हती. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी राइट फील्डवर बोइंगच्या ज्या चाचणी-विमानातून पुढे बी-१७ घडले, ते याच कारणाने, कुलूप न काढल्यामुळे कोसळले होते, आणि वैमानिकांच्या हाती लेखी तपासणी-यादी आली ती त्या अपघातामुळे. यादी जन्माला घालणारी चूक एकोणऐंशी वर्षांनी यादी असतानाही घडली.

म्हणूनच केवळ यादी, केवळ सही, केवळ ‘दुसऱ्याने पाहिले’ असा शेरा यांनी समाधान मानणे धोक्याचे आहे. ८ जानेवारी २००३ रोजी शार्लट येथे एअर मिडवेस्टचे बीच १९०० विमान उड्डाण होताच कोसळले आणि त्यातील २१ जण गेले. काही दिवसांपूर्वीच्या देखभालीत एलेव्हेटरच्या केबलचा ताण चुकीचा जुळवला गेला होता, त्यामुळे नाक खाली आणण्याची क्षमता घटली होती. काम करणारा यंत्रज्ञ ते काम शिकत होता; शिकवणारा आणि तपासणारा एकच होता. काही पायऱ्या गाळण्याला ज्याने संमती दिली, त्यानेच काम योग्य झाल्याचे ठरवले. कागदावर दोन माणसे होती. डोळ्यांची दुसरी जोडी मात्र नव्हती. देखभालीनंतर ते विमान अनेकदा सुखरूप उडालेही होते, कारण भार आणि समतोल यांची वाईट सांगड त्या दिवसापर्यंत जुळली नव्हती.

दिशेची तपासणी तर अनेकांना हास्यास्पद वाटते. डावीकडे दांडा म्हणजे डावा एलेरॉन वर, यात पाहायचे काय? ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमधील अल्व्हेर्का येथून मोठ्या देखभालीनंतर एअर अस्तानाचे एम्ब्रेयर विमान उडाले, तेव्हा त्याच्या एलेरॉनच्या केबल उलट जोडलेल्या होत्या. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ते कोणाच्या लक्षात आले नाही. सहा जणांना घेऊन ते विमान हवेत वेडेवाकडे लोळत राहिले आणि अखेर बेजा येथे उतरले, हे त्या वैमानिकांचे कौशल्य. अभियांत्रिकी महाविद्यालयांत रिमोटवर चालणारी छोटी विमाने बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना ही चूक चांगली ठाऊक आहे. सर्व्होची दिशा उलटी राहिली की थर्माकोलचे मॉडेल पहिल्याच वळणात जमिनीत घुसते. तिथे नुकसान काहीशे रुपयांचे असते, म्हणून हसून सोडता येते.

भारतात ग्लायडरविद्या परकी नाही. पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. आयआयटी कानपूरच्या आवारात स्वतःची धावपट्टी आहे. १९६१ साली उडालेले ‘रोहिणी’ आणि १९७९ सालचे ‘आर्द्रा’ ही दोन आसनी प्रशिक्षण-ग्लायडरे याच देशात घडली. अभिमान बाळगावा असा हा वारसा आहे. परंतु सार्वजनिक चर्चेत या वारशाचे फक्त छायाचित्र उरते: निळे आकाश, पांढरे पंख, इंजिनाविना उडण्याचा चमत्कार. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर देशातल्या प्रत्येक घरात इंधनाच्या स्विचवर चर्चा झाली. २३ मार्च २०२३ रोजी धनबादला एक ग्लायडर घरावर आदळले आणि वैमानिकासह एक चौदा वर्षांचा मुलगा जखमी झाला, ती बातमी मात्र दृश्यफितीपुरती टिकली. १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला, याचेही स्वागत झाले. पण कायदा बदलल्याने मैदानावरची दहा सेकंदांची सवय बदलत नाही.

ती बदलायची तर मागण्या फार मोठ्या नाहीत. प्रत्येक जोडणीनंतर भाराखालची तपासणी अशा माणसाने करावी, ज्याने त्या जोडणीला हात लावलेला नाही. अर्धवट बसलेली पाचर जमिनीवरच सापडली, तर ती लाजिरवाणी गोष्ट म्हणून झाकू नये. कोणाला दोषी न ठरवता ती देशातल्या प्रत्येक ग्लायडिंग क्लबला कळवावी. अपघाताचा अहवाल निघतो, टळलेल्या अपघाताचा निघत नाही, आणि शिकण्यासारखे या दुसऱ्यातच अधिक असते. विमानविद्येच्या पदवी अभ्यासक्रमात स्थिरता आणि नियंत्रण यांची समीकरणे सोडवणाऱ्या विद्यार्थ्याने निदान एकदा तरी खऱ्या एलेव्हेटरवर तळहात ठेवून दांड्याचा दाब अनुभवलेला असावा.

आणि पंखाचे टोक धरून उभा असलेला तो कनिष्ठ विद्यार्थी, ज्याला आज फक्त धावायला सांगितले जाते, त्याच्याकडेच ही तपासणी द्यावी. त्याचे नाव आणि वेळ वहीत लिहावी. हाताला दाब जाणवला नाही असे तो म्हणाला, तर समोर मुख्य प्रशिक्षक बसलेला असला तरी विंचचा दोर अडकवला जाऊ नये.