विश्लेषण : ब्रेक्झिटने विमानसेवेत नेमके काय बदलले? विक्रोळीशी त्याचा संबंध काय?

ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडला की विमाने जमिनीवरच राहतील, अशी भीती २०१६च्या सार्वमतानंतर सतत व्यक्त होत होती. तसे काही झाले नाही. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि दुसऱ्या दिवशी, करोनामुळे मोजकीच असली तरी, लंडनहून युरोपकडे विमाने निघाली. मग बदलले काय? बदलले ते परवाने, प्रमाणपत्रे आणि त्यावर सही करणारे हात. विमान वाहतूक क्षेत्रात या कागदांना इंधनाइतकेच महत्त्व असते. ब्रिटनने त्यांची काय किंमत मोजली, हे मुंबईच्या प्रवाशाने आणि विक्रोळीच्या कारखान्यानेही समजून घेण्यासारखे आहे.

आकाशात उडायला परवानगी कोणाची लागते?

१९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण हक्क असतो. त्यातून नुसते जायचे असले तरी त्या देशाची संमती लागते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना लांबचा वळसा पडू लागला. हे त्याचे ताजे उदाहरण.

त्यामुळे दोन देशांत नियमित विमाने सुरू करायची तर आधी सरकारांमध्ये हवाई सेवा करार होतो. मुंबई-लंडन विमाने भारत आणि ब्रिटन यांच्यातील अशाच द्विपक्षीय करारावर चालतात. म्हणूनच ब्रेक्झिटमुळे ती थांबली नाहीत.

युरोपने मात्र ही पद्धत आपल्यापुरती मोडीत काढली होती. १९९३ पासून तेथे विमानसेवेची एकच बाजारपेठ तयार झाली आणि १९९७ मध्ये ती पूर्ण खुली झाली. आयर्लंडची रायनएअर रोमहून मिलानला प्रवासी नेऊ शकते ती यामुळेच. सुरक्षेचे नियमही एकच. ते राबवणारी संस्था म्हणजे जर्मनीतील कोलोन येथील युरोपीय महासंघ हवाई सुरक्षा संस्था, अर्थात ‘ईएएसए’. तिच्या उभारणीत ब्रिटिश तज्ज्ञांचा वाटा मोठा होता.

बाहेर पडल्यावर ब्रिटनच्या हातून काय गेले?

२४ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे मुदत संपायला आठवडा उरला असताना, ब्रिटन आणि महासंघात व्यापार व सहकार्य करार झाला. त्यानुसार ब्रिटिश कंपनी मँचेस्टरहून रोमला जाऊ शकते, पण रोमहून मिलानला किंवा पॅरिसला प्रवासी नेऊ शकत नाही.

‘इझीजेट’ने हे आधीच ओळखले होते. या कंपनीने २०१७ मध्येच व्हिएन्नात ‘इझीजेट युरोप’ ही वेगळी कंपनी काढली. शंभराहून अधिक विमानांची नोंदणी ऑस्ट्रियात हलवली आणि वैमानिकांचे परवानेही बदलून घेतले. उलट्या दिशेने रायनएअर आणि ‘विझ एअर’ यांना ब्रिटनमध्ये वेगळ्या कंपन्या काढाव्या लागल्या.

दुसरा पेच मालकीचा. महासंघातील विमान कंपनी निम्म्याहून अधिक महासंघाच्या नागरिकांच्या मालकीची आणि नियंत्रणाखाली असावी लागते. ब्रिटिश भागधारक एका रात्रीत परके ठरले. त्यामुळे काही कंपन्यांना आपल्याच भागधारकांचे मतदानाचे हक्क गोठवावे लागले.

तिसरा फटका माणसांना बसला. ब्रिटनमध्ये दिलेल्या परवान्यावर महासंघात नोंदलेले विमान उडवता येईना. देखभाल करून ‘विमान उड्डाणास योग्य’ अशी सही करणाऱ्या अभियंत्यांचेही तेच झाले. कौशल्य तेच आणि विमानही तेच. फक्त परवान्यावरील शिक्का चालेनासा झाला.

सगळ्यांना ही धावपळ परवडली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद पडलेल्या ‘फ्लायबीएमआय’ या छोट्या ब्रिटिश कंपनीने इंधनाच्या वाढत्या खर्चाबरोबरच ब्रेक्झिटच्या अनिश्चिततेलाही जबाबदार धरले होते.

‘ईएएसए’ सोडणे अटळ होते का?

नाही, आणि खरा वाद येथेच आहे. नॉर्वे, आइसलँड आणि स्वित्झर्लंड हे देश महासंघाचे सदस्य नाहीत, तरीही ते ‘ईएएसए’च्या व्यवस्थेत आहेत. त्यांना तेथे मतदानाचा अधिकार नाही, पण त्यांची प्रमाणपत्रे युरोपभर चालतात. तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी मार्च २०१८ मध्ये असेच सहयोगी सदस्यत्व मिळावे, अशी इच्छा व्यक्त केली होती. दोन वर्षांनी बोरिस जॉन्सन सरकारने ती वाट सोडली. ‘ईएएसए’त राहायचे तर युरोपीय न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागेल आणि ते सार्वभौमत्वाशी विसंगत आहे, असा त्यामागचा विचार होता.

या विचाराला बाजू आहे. जेथे मत देता येत नाही, तेथील नियम का पाळायचे, हा प्रश्न गैर नाही. आता ब्रिटनचे नागरी हवाई प्राधिकरण ड्रोन किंवा विजेवर उडणाऱ्या छोट्या विमानांसाठी स्वतःच्या गतीने नियम करू शकते. परंतु प्रत्यक्षात ब्रिटनने बाहेर पडताना युरोपचेच नियम जवळपास जसेच्या तसे आपल्या कायद्यात उतरवून घेतले. म्हणजे नियम बरेचसे जुनेच राहिले, ते ठरवणाऱ्या टेबलावरची खुर्ची मात्र गेली.

विक्रोळीचा संबंध कुठे येतो?

पूर्व द्रुतगती महामार्गाने जाताना दिसणारी गोदरेजची वसाहत कपाटे आणि कुलुपांसाठी ओळखली जाते. त्याच समूहाची ‘गोदरेज एरोस्पेस’ विक्रोळीत ‘इस्रो’च्या अग्निबाणांसाठी इंजिने तयार करते आणि ‘रोल्स-रॉइस’ला नागरी विमानांच्या इंजिनांचे भागही पुरवते. त्यातील एक भाग म्हणजे ‘युनिसन रिंग’. हे इंजिनच्या कॉम्प्रेसरभोवतीचे कडे असते. हवेला दिशा देणारी अनेक छोटी पाती एकाच वेळी, एकाच कोनात फिरवणे हे त्याचे काम.

अशा भागाच्या आराखड्यात पुरवठादाराला आपल्या मर्जीने केसभरही बदल करता येत नाही. जाडी असो, मिश्रधातू असो की छिद्राची जागा, बदलाला मान्यता देतो तो इंजिनच्या रचनेचा मान्यताधारक. आणि त्या मान्यताधारकावर देखरेख असते नियामकाची.

‘रोल्स-रॉइस’ने २०१८ मध्ये आपल्या मोठ्या इंजिनांच्या रचनेची मान्यता इंग्लंडमधील डर्बीहून जर्मनीतील कंपनीकडे हलवण्याचे ठरवले. ‘ट्रेंट’ इंजिनांची युरोपीय प्रमाणपत्रे आता त्या जर्मन कंपनीच्या नावे आहेत. कारखाना हलला नाही, डर्बीतील नोकऱ्याही त्यासाठी हलल्या नाहीत. हलला तो सहीचा अधिकार. ब्रिटनच्या अभियांत्रिकीची शान मानल्या जाणाऱ्या कंपनीलाच आपल्या देशाचा शिक्का पुरेसा वाटला नाही, यापेक्षा बोलका दाखला कोणता?

याचे कारण करारातच आहे. उत्पादनाची प्रमाणपत्रे दोन्ही बाजू बऱ्याच अंशी एकमेकांची मान्य करतात. पण ब्रिटनमध्ये मंजूर झालेली नवी रचना ‘ईएएसए’ पुन्हा तपासून घेते. म्हणजे वेळ आणि पैसा दुप्पट. विक्रोळीपासून डर्बीपर्यंतच्या साखळीत हा खर्च कोणाच्या तरी दरपत्रकात शिरतोच.

मुंबईच्या प्रवाशाला काय फरक पडतो?

‘इंडिगो’ने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम या सेवा एका दिवसाच्या अंतराने सुरू केल्या. ब्रेक्झिटपूर्वी परदेशी विमान कंपनीच्या सुरक्षेसाठी ‘ईएएसए’ची एक मान्यता दोन्हीकडे चालली असती. आता युरोपसाठी वेगळी आणि ब्रिटनसाठी वेगळी लागते. गंमत म्हणजे ‘इंडिगो’ने या मार्गांसाठी विमाने भाड्याने घेतली ती नॉर्वेच्या ‘नॉर्स अटलांटिक’कडून, म्हणजे महासंघाबाहेर राहूनही ‘ईएएसए’त असलेल्या देशाकडून.

दोन नियामक म्हणजे दोन निर्णय. वैमानिकांच्या बनावट परवान्यांच्या प्रकरणानंतर २०२० मध्ये पाकिस्तानच्या ‘पीआयए’वर दोन्हीकडे बंदी आली. युरोपने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये उठवली. ब्रिटनला त्यासाठी जुलै २०२५ उजाडले.

प्रवाशाच्या खिशाशी संबंधित गोष्ट म्हणजे भरपाई. विमानाला फार उशीर झाल्यास भरपाई देण्याचा युरोपचा नियम ब्रिटनने कायम ठेवला, फक्त रक्कम पौंडांत केली. त्यामुळे पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात :

• लंडनहून मुंबईला येताना कंपनी कोणतीही असो, ब्रिटनचा नियम लागू होतो. कंपनीच्या चुकीमुळे ४ तासांहून अधिक उशीर झाल्यास ५२० पौंडांची भरपाई मागता येते.
• मुंबईहून लंडनला जाताना हा हक्क ब्रिटन किंवा महासंघातील कंपनीच्या विमानातच मिळतो, ‘एअर इंडिया’त नाही.
• पॅरिस किंवा फ्रँकफर्टहून निघालेल्या विमानाला महासंघाचा नियम लागतो. तेथे ही रक्कम ६०० युरोपर्यंत जाते.
• वादळ किंवा हवाई हद्द बंद होणे अशा कंपनीच्या हाताबाहेरील कारणांसाठी भरपाई मिळत नाही.

भारताने यातून काय घ्यावे?

भारताने कोणता महासंघ सोडलेला नाही, पण शिक्क्याची किंमत भारतालाही ठाऊक आहे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या ‘एफएए’ने भारताच्या हवाई सुरक्षा देखरेखीचा दर्जा खाली आणला. एप्रिल २०१५ मध्ये तो परत मिळेपर्यंत भारतीय कंपन्यांना अमेरिकेसाठी नव्या सेवा सुरू करता आल्या नाहीत. विमाने आणि वैमानिक तेच होते. नियामकावरचा विश्वास कमी झाला होता आणि त्यामागे मनुष्यबळाची टंचाई हे मोठे कारण होते.

ही टंचाई अद्याप आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील, म्हणजे ‘डीजीसीए’तील, मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिक्त असल्याकडे संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये लक्ष वेधले. भारताचे देखभाल आणि अभियंता परवान्यांचे नियम युरोपच्या धर्तीवर बेतलेले आहेत. नियम चांगले आहेत. पण ते तपासणारी माणसेच नसतील, तर त्या नियमांवर मारलेला शिक्का परदेशात कोण मानणार?

विक्रोळीतील कारखाना आज दुसऱ्याने आखलेले कडे अचूक घडवतो. उद्या येथेच रचना झालेले इंजिन जगभर विकायचे असेल, तर त्यावरची ‘डीजीसीए’ची सही कोलोन आणि वॉशिंग्टनमध्येही वजनदार ठरायला हवी. स्वतःचे नियम करण्याचा अधिकार ब्रिटनने परत मिळवला, पण त्याच्या सर्वात नामांकित इंजिन कंपनीला सहीसाठी जर्मनी गाठावी लागली. आकाशातले सार्वभौमत्व आपल्या सहीवर इतरांचा किती विश्वास आहे, यावर मोजले जाते. तो विश्वास कमावण्याची सुरुवात ‘डीजीसीए’तील रिकाम्या खुर्च्या भरण्यापासून करता येईल.