विजेचे छायाचित्र आणि जोखमीचा हिशेब

अमेरिकेच्या मध्यभागातील ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांत एप्रिल ते जून हे महिने वादळांचे असतात. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी उष्ण, दमट हवा आणि पश्चिमेकडून येणारी कोरडी हवा तेथील विस्तीर्ण मैदानांवर एकमेकींना भिडते आणि दहा-पंधरा किलोमीटर उंचीचे मेघ उभे राहतात. अशा वेळी सर्वसामान्य माणूस दारे लावून घेतो. काही माणसे मात्र गाडीत कॅमेरे आणि उपकरणे भरून त्या मेघांच्याच दिशेने निघतात. वादळांचा पाठलाग करणाऱ्या या मंडळींत टिम समारास यांचे नाव विशेष आदराने घेतले जाते.

१९५७ साली कोलोरॅडो राज्यात जन्मलेल्या समारास यांच्याजवळ महाविद्यालयाची पदवी नव्हती. यंत्रे उघडून त्यांचे मर्म जाणून घेण्याची जिज्ञासा हेच त्यांचे भांडवल. स्फोटांच्या चाचण्यांच्या कामातून त्यांना क्षणार्धात घडणाऱ्या घटनांचे चित्रण कसे करावे, याचे ज्ञान मिळाले. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातील मँचेस्टर या खेड्याजवळ त्यांनी टोर्नेडोच्या, म्हणजे मेघातून सोंडेप्रमाणे भूमीवर उतरणाऱ्या प्रचंड वावटळीच्या, वाटेवर स्वतः बनविलेले उपकरण ठेवले. वावटळ त्यावरून गेली, तेव्हा हवेचा दाब १०० मिलिबारने घसरल्याची नोंद झाली. असे मोजमाप पूर्वी कोणाला साधले नव्हते.

पुढे त्यांना ध्यास लागला तो विजेच्या छायाचित्राचा. हा ध्यास तसा जुना. १८८२ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचे छायाचित्र मिळविले, तेव्हा चित्रकार रंगवीत तशी करवतीच्या दात्यांसारखी वीज प्रत्यक्षात नसून ती नदीप्रमाणे फाटे फोडीत जाते, हे लोकांना दिसले. समारास यांना त्याहून सूक्ष्म क्षण हवा होता. मेघातून विद्युतभाराची एक अंधूक वाट टप्प्याटप्प्याने खाली उतरते. ती जवळ येताच झाड, मनोरा किंवा उंच इमारत यांवरून दुसरी वाट वर झेपावते. दोन्हींची गाठ पडली की डोळे दिपविणारा लोळ उजळतो. ही गाठ पडण्याचा क्षण त्यांना टिपायचा होता.

त्यासाठी त्यांनी शीतयुद्धाच्या काळात अणुस्फोटांच्या चित्रणासाठी बनविलेला, सुमारे ७२५ किलो वजनाचा कॅमेरा मिळविला आणि त्यात फिल्मऐवजी डिजिटल यंत्रणा बसविली. मध्यभागी वेगाने फिरणाऱ्या आरशामुळे तो सेकंदाला दहा लाखांहून अधिक चित्रे घेऊ शकत असे. हे धूड गाडीवर चढवून ते कित्येक हंगाम मेघांमागे हिंडले. परंतु वीज नेमक्या कॅमेऱ्यासमोर आणि नेमक्या क्षणी पडावी लागते. ते छायाचित्र त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही.

साध्या कॅमेऱ्याने विजेचे चित्र घेणाऱ्यालाही असाच धीर लागतो. वीज दिसल्यावर बटण दाबले, तर ती निघून गेलेली असते. म्हणून रात्री कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर करून झडप दहा-वीस सेकंद उघडी ठेवायची आणि वीज आपण होऊन त्या चौकटीत येण्याची वाट पाहायची, हीच रीत. शंभर चित्रे वाया जातात, तेव्हा एखादे हाती लागते.

समारास धाडसी होते, पण बेफिकीर नव्हते. परतीचा रस्ता पाहून मगच पुढे जाणारा, अशी त्यांची ख्याती होती. असे असूनही ३१ मे २०१३ च्या सायंकाळी ओक्लाहोमातील एल रेनो गावाजवळ ते, त्यांचा २४ वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग असे तिघेही टोर्नेडोत सापडून मृत्यू पावले. त्या वावटळीने अकस्मात दिशा बदलली, तिचा वेग वाढला आणि रुंदी चार किलोमीटरांच्या पुढे गेली. पावसाच्या पडद्यामुळे तिची कडाही नीट दिसत नव्हती. अनुभवाच्या आधारे मांडलेला हिशेब चुकीचा नव्हता. ज्या गृहीतांवर तो उभा होता, तीच काही मिनिटांत बदलली.

जोखीम आणि जुगार यांतील भेद व्यापाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. माल उधारीवर देताना तो समोरच्याची पत पाहतो, मर्यादा ठरवितो. तरीही एखादे खाते बुडतेच. मोजलेली जोखीम कमी होते, नाहीशी होत नाही. म्हणून जे गमावले असता भरून येणार नाही, ते पणाला लावायचे नसते. समारास यांच्या मोजमापांनी विज्ञानात भर घातली, हे खरे. पण त्यांच्या घरातून एकाच दिवशी पिता आणि पुत्र गेले, हेही तितकेच खरे.

वळिवाच्या दिवसांत आपल्याकडेही मोबाइल घेऊन गच्चीवर धावणारी मुले दिसतात. त्यांच्या कुतूहलाला आवर घालू नये, त्याला शिस्त लावावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरावे. आकडा तिसाच्या आत आला की गच्ची, मोकळे मैदान आणि झाडाचा आडोसा सोडून पक्क्या घरात यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप परिसरातील विजांची सूचना देते; ते घरोघरी असावे. छायाचित्र बंद खिडकीच्या काचेआडूनही घेता येते. आजचे हुकले, तरी मेघ पुन्हा येणारच आहेत.